करपलेल्या पिठाचा गुण

आमच्या वनस्पतिशास्त्र विभागाची शेवटची विद्यार्थिनी मागच्या मार्गशीर्षात लग्न होऊन ढाणकीला गेली आणि विभागात मी एकटा उरलो. तसे भिंतीवर तक्ते होते, बाटल्यांमध्ये शेवाळं होती, फॉर्मॅलिनमध्ये निवडुंगाचं एक फूलही होतं. पण हजेरी घेताना यातलं कोणीच 'प्रेझेंट सर' म्हणत नाही. मी तरी हजेरी घेत होतो. माणसानं आपलं काम सोडू नये.

मग प्राचार्यांनी बोलावून घेतलं. आमचे प्राचार्य वाईट बातमी सांगायच्या आधी पेढा देतात. त्यांच्या केबिनमधून पेढा खात बाहेर पडलेला माणूस दिसला की घाटंजीतली पोरंसुद्धा हळहळतात. मला त्यांनी दोन पेढे दिले.

"सर, पुढच्या सत्रात विद्यापीठाची समिती येऊन राह्यली," ते म्हणाले. "पोरं नसले तं नसले. पण विभागात काहीतरी संशोधन दिसलं पाह्यजे. लोकांच्या कामाचं. नाहीतर विभाग बंद, आणि तुम्ही अतिरिक्त."

अतिरिक्त झालेल्या माणसाला संस्था मुकुटबनच्या कॉलेजात पाठवते. तिथे मला पर्यावरण शिकवावं लागलं असतं. पर्यावरण शिकवणाऱ्याला सगळे जण झाडं लावायला बोलावतात आणि फोटोत कडेला उभं करतात. शिवाय घाटंजीतल्या घराला मागच्याच दिवाळीत रंग दिला होता. प्रभावतीनं, म्हणजे माझ्या बायकोनं, तो स्वतः निवडला होता, आणि आयुष्यात तिला काही निवडायला मिळालं असेल तर तो रंगच. मला तर तिनं निवडलं नव्हतं, हे ती अधूनमधून सांगते.

आता माझ्या पोटाबद्दल सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. बारा-तेरा वर्षं या पोटानं मला माणसात राहू दिलं नाही. जेवलं की मुरडा, नाही जेवलं की जळजळ, आणि दोन्हीच्या मधल्या वेळात गॅस. यवतमाळ झालं, नागपूर झालं, दुर्बीण घालून झाली. नागपूरचे डॉक्टर म्हणाले, "सगळं नॉर्मल आहे." इतका अपमान माझा आयुष्यात कोणी केला नव्हता. घरात दोन स्वयंपाक व्हायचे. मला मुगाची पातळ खिचडी, प्रभावतीला भाकर आणि वांग्याची भाजी, सणावाराला बेसनाच्या पाटोडीचा झणझणीत रस्सा. बिचारी माझ्याकडे पाठ करून जेवायची. मला वास येऊ नये म्हणून खिडकीही उघडून ठेवायची. नवरा-बायकोनं बारा वर्षं एकमेकांकडे पाठ करून जेवणं यापरतं वाईट काय असतं, मला माहीत नाही.

संशोधनाचा विषय शेजारच्या किसनरावांनी दिला. किसनरावांकडे कापूस आहे, तूर आहे, आणि या दोन्हींपेक्षा जास्त पिकणारा सल्ला आहे. कुंपणावर हात ठेवून ते म्हणाले, "सर, विषय शोधाले बाहेर कायले जाता? तुमच्या पोटातच आहे नं. टेकडीमांगच्या तांड्यावर रुपीबाई आहे, पोटाचं औषध देते. मुरुडशेंग, कुड्याची साल अन् अजून कायकाय. लोकं दुरून येतात. तुम्ही तेच तपासा."

"मग तुम्हाला गुण आला का तिच्या औषधानं?" मी विचारलं.

"तसंच आहे," किसनराव म्हणाले, आणि ढेकर न देता घरात गेले. तेव्हाच मी शहाणा व्हायला हवं होतं. पण शास्त्राचा माणूस नुसत्या ढेकरेवरून निष्कर्ष काढत नाही.

माणसांवर औषध तपासायचं म्हणजे आधी नैतिक समिती लागते. तिच्यात एक डॉक्टर, एक वकील आणि एक सामान्य माणूस पाहिजे असा नियम. वकील मिळाला. डॉक्टर कोणी येईना, शेवटी जनावरांचे डॉक्टर तयार झाले. त्यांनी पहिल्याच बैठकीत विचारलं, "पेशंट रवंथ करते का?" सामान्य माणूस म्हणून मी किसनरावांचं नाव घातलं, तर ते इतके दुखावले की पंधरवडाभर कुंपणाकडे फिरकले नाहीत. "मी सामान्य काहून?" एवढंच ते गावभर विचारत होते. त्याचं उत्तर कोणाकडेच नव्हतं, म्हणून जो तो माझ्याकडे संशयानं पाहू लागला. शेवटी 'प्रतिष्ठित सामान्य नागरिक' असं लिहून दिलं तेव्हा त्यांनी सही केली. मग साल सोलायला वनखात्याची परवानगी. मग झाडाची ओळख पटवायला नमुना नागपूरला पाठवला, तो फूल नाही म्हणून परत आला. मी वीस वर्षं कुडा शिकवतो. पण माझ्या शब्दाला नागपुरात फुलाइतकीही किंमत नाही, हे त्या पाकिटानं कळवलं.

रुपीबाई म्हातारी, काटक, हातभर बांगड्या, बोलणं मोजकं. औषधाचे पैसे ती घेत नाही, कारण घेतले तर गुण जातो. झाड तोडायचंही तसंच. आदल्या संध्याकाळी झाडाजवळ हळद-तांदूळ ठेवून त्याला आवतण द्यायचं, "उद्या सकाळी येतो." सकाळी जायचं ते वाटेत एक शब्द न बोलता. बोललं की झाड रुसते. हे सगळं मी मान हलवून ऐकलं आणि मनात म्हटलं, चला, लोकाचारही टिपून घेऊ.

पहिल्या दिवशी झाडापाशी पोचलो आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "साल दक्षिण बाजूचीच काढायची का?" रुपीबाईनं कोयता खाली घेतला आणि उलट पावली तांड्याची वाट धरली. मी मागून. पुन्हा हळद-तांदूळ, पुन्हा आवतण. दुसऱ्या सकाळी मी ओठ आवळून गेलो, तर झाडापाशीच फोन वाजला. प्राचार्य होते. "काय, संशोधन कुठवर आलं?" मी उत्तर दिलं नाही, पण झाडानं ऐकलं होतं म्हणे. तिसऱ्या खेपेला फोन घरी ठेवला आणि तोंडात सुपारी धरली, तेव्हा कुठे साल मिळाली. वाटेत सुपारीच्या रसानं माझ्या पोटात जे झालं, ते सांगत नाही. बोलायची मनाई होती एवढंच बरं.

आता शास्त्र. निम्म्या लोकांना खरं औषध द्यायचं, निम्म्यांना खोटं, आणि कोणाला काय दिलं हे मलाही कळू द्यायचं नाही. दोन्ही पुड्या सारख्या दिसायला हव्यात. प्रभावतीनं ज्वारीचं पीठ तव्यावर काळंमिट्ट होईपर्यंत करपवलं. रंग तोच, कडवटपणा तोच. धूर पाहून किसनरावांच्या इंदूबाई पदर नाकाशी धरून धावत आल्या.

"वहिनी, भाकर करपली का?"

"नाही वो. मुद्दाम करपवून राह्यली."

"बाप्पा. काहून?"

"यायच्या संशोधनासाठी."

इंदूबाईंनी प्रभावतीच्या पाठीवरून हात फिरवला. दुसऱ्या दिवसापासून त्यांच्याकडून रोज डब्यात भाकरी यायला लागल्या.

कोणती पुडी कोणाला, हे फक्त यू. एम. सरांना माहीत होतं. हे आमचे संख्याशास्त्राचे प्राध्यापक. आडनाव लावत नाहीत, नाव सांगत नाहीत, हजेरीपटावरही नुसतं यू. एम. शर्टाला कायम इस्त्री आणि चेहऱ्यालाही. त्यांनी यादी कुलपात ठेवली आणि मला बजावलं, "सर, तुम्ही फक्त विचारायचं आणि जे उत्तर येईल ते लिहायचं. स्वतःचं डोकं लावायचं नाही."

मी लावलं नाही. दर आठवड्याला स्कूटरवर तांड्याला जायचो आणि विचारायचो, "पोट कसं आहे?"

तांड्याचे नाईक भावसिंग. औषध सुरू करायच्या आधी हा गडी खाटेवरून उठत नव्हता, ताकावर दिवस काढत होता. महिन्याभरानं गेलो तर मांडी घालून बसले होते, एका हातात बाटी, दुसऱ्या हाताशी मिरचीचा ठेचा.

"नाईक, पोट कसं आहे?"

"तसंच हाय, सर," ठेच्याचा घास तोंडात ठेवून ते म्हणाले.

मी लिहिलं, फरक नाही.

पलीकडे सुखीबाई पोट धरून भिंतीला टेकून बसली होती. चेहरा पांढराफटक. मला पाहून उठायला गेली तर कळ आली. "सुखीबाई, कसं आहे?" "लय फरक हाय जी सर," ती दात आवळून म्हणाली. "तुमच्या पुडीनं लय चांगलं झालं. बसा, चाय घ्या." मी चहा घेतला आणि लिहिलं, उत्तम गुण. एका घरी तर म्हातारा माझ्यासमोरून दोनदा लोटा घेऊन गेला आणि दोन्ही वेळा जाता जाता 'एकदम बेस' म्हणाला. मी तेही लिहिलं. लोक म्हणतात मास्तरला डोळे नसतात. मला डोळे होते. ते शास्त्राच्या नियमानं मिटून घेतले होते.

शेवटी यू. एम. सरांनी यादी बाहेर काढली, दोन दिवस कागदात तोंड घालून बसले, आणि मला बोलावून म्हणाले, "सर, निकाल अत्यंत स्पष्ट आहे. इतका स्पष्ट निकाल मी आजवर पाहिला नाही. रुपीबाईच्या औषधानं कोणालाच गुण नाही. करपलेल्या पिठानं जवळपास सगळ्यांना आहे."

प्राचार्यांनी मला पेढा दिला नाही, मिठी मारली. त्यांच्या एका भाच्यामार्फत बातमी पेपरात गेली: 'घाटंजीच्या प्राध्यापकाचा शोध, करपलेलं पीठ पोटावर रामबाण.' झालं. दुसऱ्या दिवसापासून आमच्या फाटकावर लोक डबे घेऊन उभे. प्रभावती तव्याशी, घरभर धूर, दिवाळीचा रंग काळा पडायला लागला. किसनरावांनी तर घरीच पीठ करपवायला घेतलं आणि जास्त गुण यावा म्हणून जास्त करपवलं. ते दोन दिवस दिसले नाहीत आणि तिसऱ्या दिवशी दिसले ते इंदूबाईंच्या खांद्यावर हात ठेवून. "सामान्य माणसाले सोसणारं औषध नाही हे," एवढंच बोलले. ज्यांना ज्यांना मी पीठ दिलं त्यांतला एकही माणूस पुन्हा डबा घेऊन आला नाही, आणि भेटला की 'लय गुण आला सर' म्हणून रस्ता बदलायचा. माझं नाव होत होतं आणि जिवाला काही गोड लागत नव्हतं.

बाजाराच्या दिवशी रुपीबाई शेंगा घेऊन बसलेली दिसली. मला वाटलं, म्हातारीची समजूत काढावी. तिच्याजवळ उकिडवा बसलो.

"रुपीबाई, वाईट वाटून घेऊ नका. तुमच्या औषधाचा निकाल चांगला आला नाही."

"काहून? काय म्हनते लोक?"

"सगळे म्हणतात, तसंच आहे."

"सगळे?"

"एकूण एक."

"बेस झालं मंग," ती म्हणाली, आणि समाधानानं पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली. वयामुळे ऐकू कमी येत असेल असं समजून मी उठलो.

हे मी यू. एम. सरांना सहज सांगितलं, तर त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी उठून स्टाफरूमचं दार लावलं.

"सर, माझं नाव काय आहे, माहीत आहे?"

"यू. एम."

"उकंडा." ते खिडकीबाहेर पाहत म्हणाले. "माझ्याआधीची भावंडं जगली नाहीत. चांगलंचुंगलं नाव ठेवलं तर याच्यावरही नजर जाईल, म्हणून मायनं उकिरड्यावर लोळवून हे नाव ठेवलं. मेलं तरी कोणी उचलणार नाही, असं नाव. मी वाचलो. तिचा मरेपर्यंत विश्वास होता की नावानंच वाचलो." मग जरा थांबून म्हणाले, "आमच्याकडे, खेड्यातांड्यांवर, दुखणं बरं झालं तर कोणी तोंडानं सांगत नाही. दुखणं दाराबाहेर उभं राहून ऐकत असतं. 'बरा झालो' म्हटलं की घरात येतं वापस. मी एम. एस्सी. केली, वीस वर्षं संख्याशास्त्र शिकवलं. तरी कोणी 'कसे आहात' विचारलं की 'चाललंय' म्हणतो. आजवर एकदाही 'बरा आहे' म्हटलं नाही."

मी विचारलं, "म्हणजे ज्यांना गुण आला ते घाबरून 'तसंच आहे' म्हणाले?"

"हो."

"आणि ज्यांना नाही आला?"

"त्यांना कशाची भीती? तुम्ही उन्हातून स्कूटरवर येता, फुकट पुडी देता. तुमचं मन राखलं त्यांनी."

मी म्हटलं, आकडे उलटे करून छापता येतील का? ते म्हणाले, 'नाही' म्हणजे 'हो' असं धरायची सोय कोणत्याच शास्त्रात नाही. मग तेच म्हणाले, "एक मार्ग आहे. तुम्ही स्वतः रुपीबाईचं औषध घ्या. बारा वर्षांचं जुनं दुखणं, दुर्बिणीपर्यंतचे सगळे कागद तयार, आणि रोगी स्वतः शास्त्राचा माणूस, अंधश्रद्धेपासून लांब. तुम्हाला गुण आला आणि तुम्ही समितीसमोर तसं स्पष्ट सांगितलं, तर तेवढ्यावर ते विभागाला दोन वर्षं वाढवून देतील. सगळं तुमच्या तोंडावर आहे, सर."

मी औषध घेतलं. रुपीबाईनं पुड्या दिल्या, वळून पाहू नका म्हणाली. मी वळलो नाही.

पुढे काय झालं, ते मी घडलं तेवढंच सांगतो. एका दुपारी प्रभावती पाटोडीचं ताट वाढून घेऊन बसली होती, तेवढ्यात दारावर कोणीतरी आलं म्हणून उठून गेली. ती परत आली तेव्हा ताट रिकामं होतं. तर्री बोटांनी पुसून घेतलेली. तिनं ताटाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मी खुर्चीत बसून मुरड्याची वाट पाहत होतो. संध्याकाळ झाली, दिवे लागले, मी वाट पाहतच होतो. दुसऱ्या दिवशी तिनं एकच स्वयंपाक केला. दोन ताटं समोरासमोर मांडली आणि माझ्याकडे तोंड करून जेवायला बसली. बारा वर्षांनी मी बायकोला घास घेताना पाहिलं. मला रडू आलं. तिनं मिरची लागली का म्हणून पाणी पुढे केलं. ती काही विचारत नव्हती आणि मी काही सांगत नव्हतो. तुम्हीही विचारू नका.

समिती आली. अध्यक्षा अमरावतीकडच्या एक ज्येष्ठ बाई होत्या, स्वभावानं मऊ, पर्समध्ये आम्लपित्ताच्या गोळ्यांची पट्टी. त्या दोनदा गोळी घेताना मला दिसल्या. प्राचार्यांनी सगळं रंगवून सांगितलं, पिठाची बातमी मात्र शहाणपणानं वगळली. "मॅडम, सरांनी स्वतःवर प्रयोग केला. जुनं दुखणं होतं. आता त्यांनाच विचारा."

बाईंनी चष्मा काढला. "सर, आमच्या मनात विभाग बंद करायचं नाही. तुमच्यासारख्या जाणत्या माणसाचा एक स्पष्ट शब्द असला, तर आम्हाला वर लिहिता येईल. पुढे नीट चाचण्या होतील, लोकांचं भलं होईल." आणि मग अगदी घरच्यासारखं विचारलं, "पोट कसं आहे आता?"

प्राचार्य मान हलवत होते. यू. एम. सर टेबलाखाली हात घट्ट धरून बसले होते. मला सगळं समजत होतं. मी एम. एस्सी. आहे, एम. फिल. आहे, गावात व्याख्यानं दिली आहेत, लिंबू-मिरची विकणाऱ्याशी भांडलेला माणूस आहे. दुखण्याला कान नसतात हे मी वर्गात शिकवलंय. रंगवलेलं घर डोळ्यांसमोर आलं, तक्ते आले, बाटल्या आल्या. नुसता एक शब्द म्हणायचा होता. मी तोंड उघडलं, आणि दारातून कोणीतरी आत डोकावल्यासारखं वाटलं. दारात कोणी नव्हतं. सकाळीच मी वांग्याच्या भाजीबरोबर दोन भाकरी खाऊन निघालो होतो आणि प्रभावती समोर बसून तिसरी घ्या म्हणत होती.

"तसंच आहे, मॅडम," मी म्हणालो.

"म्हणजे काहीच फरक नाही? नीट आठवून सांगा."

"नाही. आधी होतं तसंच."

बाईंनी उसासा टाकून चष्मा लावला. प्राचार्यांनी ड्रॉवरमधून पेढ्यांचा पुडा काढला. यू. एम. सरांनी मान खाली घातली होती. बाहेर व्हरांड्यात आल्यावर त्यांनी माझा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही.

घरी गेलो तर प्रभावती दारातच उभी होती.

"काय विचारलं त्यायनं?"

"पोट कसं आहे म्हणून विचारलं."

"अन् तुम्ही?"

"तसंच आहे म्हटलं."

तिनं एकदा समोरच्या भिंतीकडे पाहिलं. धुरानं काळी पडली होती, तरी तिचा रंग अजून कुठे कुठे दिसत होता. मग पदर खोचला. "बरं केलं," ती म्हणाली, आणि स्टूल ओढून सामानासाठी माळ्यावरची रिकामी खोकी काढायला चढली. मी खाली स्टूल धरून उभा राहिलो.